सोयाबीनचं दूध, संत्र्याच्या सालीचा सुगंध

नरखेड तालुक्यात आश्विन-कार्तिकात दोन मालांची घाई एकदमच उडते. इकडे सोयाबीनची सोंगणी होऊन खळ्यावर थ्रेशर लागलेलं असतं, तिकडे आंब्या बहाराची संत्री रंगावर येऊन व्यापाऱ्यांच्या बागेतल्या फेऱ्या सुरू झालेल्या असतात. सोयाबीन पोत्यांत भरून मार्केट यार्डात जातं, संत्री क्रेटमध्ये भरून दूरच्या शहरांत. दिवाळी होते, घर रिकामं होतं. मग घरातल्या कुणाला डॉक्टरांनी साधं दूध बंद करायला सांगितलं, की आपण नागपूरहून सोयादुधाचा एक लिटरचा खोका आणतो, तो शंभर रुपयांच्या वर पडतो.

त्या खोक्यात काय असतं? बहुतेक पाणी, थोडं सोयाबीन, साखर, वास आणि ते फुटू नये म्हणून घातलेले घटक. 2025-26 साठी सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये ठरवला. त्या भावानेही 100 ग्रॅम दाणा सव्वापाच रुपयांना पडतो आणि 100 ग्रॅममध्ये पाऊण ते एक लिटर दूध निघतं. गॅस, साखर, वेलची धरा, तरी खर्च वीस रुपयांच्या पुढे जाणार नाही. बाजारात पुष्कळदा हमीभावही हाती पडत नाही, हे शेतकऱ्याला मी वेगळं सांगायला नको. म्हणूनच त्या पोत्यातला थोडा दाणा घरासाठी ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

सोयाबीन आपल्या जेवणात का रुळलं नाही, याचं खरं कारण त्याचा कच्चट, हिरवट वास. वर्ध्याच्या मगनवाडीत 1935 साली गांधीजींनी सोयाबीन रोजच्या आहारात आणून पाहिलं होतं आणि त्यावर ‘हरिजन’मध्ये लिहिलंही होतं. तेव्हा विदर्भात हे पीक नव्हतंच म्हटलं तरी चालेल. आज शिवारंच्या शिवारं सोयाबीनची आहेत, तरी ताटात ते येतं ते तेलाच्या रूपाने, नाहीतर दुकानातल्या वड्यांच्या. वासाचा बंदोबस्त झाला तर बाकी काही अवघड नाही, आणि तो घरच्या चुलीवर होतो.

दाणा कोणता घ्यावा

आधी धोक्याची गोष्ट. पेरणीनंतर उरलेलं बियाणं कधीही खाण्यात घेऊ नका. पिशवीतल्या बियाण्याला बुरशीनाशक, कधी कीटकनाशकही चोळलेलं असतं. लालसर, गुलाबी किंवा निळसर रंग दिसला तर ओळखू येतं. पण घरी बीजप्रक्रिया केलेला दाणा कधी कधी साध्या दाण्यासारखाच दिसतो. धुऊन, उकळून हे विष जात नाही. अशी पिशवी स्वयंपाकघरात येऊच देऊ नका. साठवणीत कीड लागू नये म्हणून ज्या खोलीत विषारी गोळ्या ठेवल्या असतील, तिथला दाणाही नको.

खाण्यासाठी घ्यायचा तो यंदाचा, पिवळाधमक, टपोरा दाणा. सोंगणीच्या वेळी पाऊस लागून काळा-जांभळा डाग पडलेला, सुरकुतलेला, कुबट वासाचा दाणा चाळून, निवडून बाजूला काढा. वर्षापेक्षा जुना दाणा भिजतो कमी आणि दूधही पातळ सुटतं. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने खाण्यासाठी म्हणून काही खास वाण काढले आहेत. त्यांत एनआरसी 142 या वाणात कच्चट वास आणणारा एक घटक आणि पचनाला आड येणारा एक घटक, दोन्ही नाहीत. हे बियाणं मिळालं तर बांधाकडेच्या चार तासांत घरापुरतं पेरून पाहण्यासारखं आहे. नाही मिळालं तर नेहमीच्या दाण्याचंही उत्तम दूध होतं, फक्त कृती नीट सांभाळायची.

वास येतो कुठून, जातो कसा

अख्ख्या सोयाबीनला तो वास नसतो. दाणा फुटतो, त्यातलं तेल, पाणी आणि हवा एकत्र येतात आणि दाण्यातलंच एक विकर तेलावर काम करू लागतं, तेव्हा तो तयार होतो. हे काही क्षणांत घडतं. म्हणजे रात्री भिजवलेला दाणा सकाळी थंड पाण्यात वाटला की मिक्सरचं झाकण उघडायच्या आतच दूध बिघडलेलं असतं. पुढे कितीही वेलची घाला, मागून तो वास येतोच. पण हे विकर उष्णतेने मरतं. म्हणून वाटायच्या आधी दाण्याला उकळी दाखवायची आणि वाटायचंही गरम पाण्यातच. सोयादुधाची अर्धी विद्या एवढ्यातच आली.

आता कृती. 100 ग्रॅम सोयाबीन, म्हणजे एक लहान वाटी, दोन-तीन पाण्यांनी धुऊन तिप्पट पाण्यात भिजत घाला. थंडीत दहा-बारा तास लागतात. वैशाखात सहा तास पुरतात आणि तेवढ्यातही एकदा पाणी बदलावं लागतं, नाहीतर दाणा आंबतो. दाणा भिजला की नाही हे पाहायचं तर तो दोन बोटांत दाबून त्याच्या दोन डाळी करा. आतली बाजू सपाट आणि एकसारख्या रंगाची दिसली तर झालं. मधोमध खोलगट, गडद पिवळी खूण दिसली तर अजून वेळ आहे.

भिजलेला दाणा भरपूर पाण्यात दोन्ही हातांनी चोळला की सालं सुटून वर तरंगतात. ती पाण्याबरोबर ओतून द्या. सगळी निघाली पाहिजेत असं नाही, पण जितकी निघतील तितकं दूध पांढरं आणि मऊ होतं. ज्या वाणाच्या दाण्याला काळा डोळा असतो, त्याचं साल काढलं नाही तर दुधावर करडी झाक येते.

मग एक लिटर पाणी उकळून त्यात पाव चमचा खाण्याचा सोडा घाला आणि दाणा त्यात सोडा. उकळी पुन्हा आल्यापासून पाच मिनिटं, जास्त नाही. कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्या केल्या की वास जातो हे खरं, पण दाण्यातली प्रथिनं आतच घट्ट बसतात. मग दुधात ती उतरत नाहीत, चोथाच जास्त निघतो. पाच मिनिटांनी ते पाणी फेकून द्या आणि दाणा गरम पाण्यानेच एकदा विसळा.

दुसऱ्या भांड्यात एक लिटर पाणी आधीच उकळत ठेवलेलं असावं. त्यातलं थोडं थोडं घेऊन दाणा मिक्सरमध्ये बारीक वाटायचा. इथे सांभाळून. गरम पाण्याची वाफ बंद भांड्यात कोंडली की झाकण उडतं आणि हात, तोंड भाजतं. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, झाकणाच्या मधली छोटी टोपी काढून तिथे घडी घातलेला कपडा दाबून धरा आणि मिक्सर आधी दोन-तीनदा झटका देऊन थांबवा, मग सलग फिरवा. बोटांत घेतल्यावर कणी लागता कामा नये.

वाटण स्वच्छ मलमलीत किंवा जुन्या सुती धोतराच्या दुहेरी कपड्यात गाळा. ते गरम असतं, म्हणून आधी चाळणीवर कपडा पसरून आपसूक गळू द्या आणि हात लागेल इतकं झालं की पिळा. उरलेलं गरम पाणी चोथ्यावर घालून पुन्हा पिळलं की राहिलेलं दूधही निघतं.

पाण्याबद्दल एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम सांगतो. संत्र्याच्या बागांसाठी आपल्याकडे बोअर खोल खोल गेल्या आहेत आणि पुष्कळ ठिकाणचं पाणी जड आहे. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते सोयादुधालाही चालत नाही. त्यातल्या चुन्यासारख्या क्षारांनी दूध उकळताना बारीक बारीक फुटतं, कणीदार होतं. विहिरीचं गोडं पाणी किंवा फिल्टरचं पाणी घ्या. दूध का फुटलं म्हणून दाण्याला दोष देणाऱ्यांनी आधी पाणी बदलून पाहावं.

उकळी

हे गाळलेलं दूध कच्चं आहे. ते चाखूही नका, लेकरांना तर नकोच. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचवणाऱ्या रसाला अडवणारा एक घटक असतो. त्याने पोट दुखतं, मळमळतं, जुलाब होतात. तो मोडायला वेळ लागतो. आधी दिलेली पाच मिनिटांची उकळी त्याला पुरत नाही.

मोठ्या तोंडाचा, जाड बुडाचा गंज घ्या, त्यात दूध निम्म्याच्या वर नको. मध्यम आचेवर ठेवा आणि लाकडी उलथन्याने बूड खरवडत राहा. थोड्याच वेळात दाट पांढरा फेस भराभर वर चढतो. दूध उतू जातंय असं वाटून पुष्कळ जणी इथेच गॅस बंद करतात. ही खरी उकळी नाही. फेस वर आला तरी खालचं दूध अजून उकळीला आलेलं नसतं. आच कमी करा, फेस झाऱ्याने काढून टाका किंवा ढवळून बसवा आणि आत बुडबुडे फुटताना दिसेपर्यंत थांबा. तिथून घड्याळ लावून वीस मिनिटं मंद आचेवर उकळू द्या. जवळ उभं राहिलं की फरक कळतो. सुरुवातीला गवतासारखा येणारा वास हळूहळू सरतो आणि शिजलेल्या वालासारखा, किंचित गोडसर वास येऊ लागतो. फेसही बसतो आणि दुधाला तुळतुळीत पोत येतो.

वर सायीसारखा पिवळसर पापुद्रा धरतो. तो फेकू नका. जपान-चीनमध्ये हा पापुद्रा मुद्दाम काढून, वाळवून विकतात. आपण तो मीठ-मिरपूड टाकून पोळीशी खाल्ला तरी छान लागतो.

चिमूटभर मीठ आणि आवडीप्रमाणे साखर घाला. लिटरला साधारण चार मोठे चमचे पुरतात. गूळ घालायचा असेल तर दूध कोमट झाल्यावर. काही गुळाने उकळतं गाईचं दूध फुटतं, तसंच हेही फुटतं. आणखी एक युक्ती अशी की सोयाबीन भिजवताना त्यात मूठभर शेंगदाणे टाका. तीन भाग सोयाबीन, एक भाग दाणे या प्रमाणात दुधाला साय असल्यासारखा भरीवपणा येतो आणि जिभेवर उरणारा किंचित तुरटपणाही झाकला जातो. मात्र दाणे निवडून घ्या. काळपट, बुरशी धरलेला, कडू दाणा विषारी असतो आणि उकळून त्याचं विष जात नाही.

संत्र्याचा रस नको, साल घ्या

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तिथे आलो. संत्र्याच्या मुलखात दुधाला संत्र्याचा स्वाद द्यावा असं कुणालाही वाटणार. आणि पहिला हात जातो रसाकडे. अर्धा पेला रस ओतला की दुधाचं पाणी वेगळं, गोळे वेगळे. सोयाबीनची प्रथिनं आंबटपणा सोसत नाहीत. तो वाढला की ती एकमेकांना चिकटतात आणि खाली बसतात. रस थंड घाला, थोडा थोडा घाला, साखर जास्त घाला, फार फरक पडत नाही. कोकणात नारळाच्या दुधात कोकमाचं आगळ घालून सोलकढी करतात, ती जमते, कारण नारळाच्या दुधात चरबी भरपूर पण प्रथिनं फार कमी. आपल्या दुधाचं तसं नाही.

पण संत्र्याची खरी ओळख रसात नाहीच. रसात आंबट-गोड आहे, सुगंध आहे सालीत. नारिंगी सालीवर जे बारीक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या पिशव्या आहेत. सोललेली साल वाकवून ज्योतीजवळ दाबली तर त्या तेलाच्या ठिणग्या उडतात, हे गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. हे तेल आंबट नाही. म्हणून त्याने दूध फुटत नाही आणि दुधातल्या स्निग्धांशात तो सुगंध चांगला धरून राहतो.

फळ निवडताना दोन गोष्टी पाहा. बागेत शेवटची फवारणी कधी झाली आणि औषधाच्या डब्यावर काढणीपूर्वी जितके दिवस थांबायला सांगितलं आहे तितके दिवस झाले की नाही. झाले नसतील तर त्या झाडाची साल घेऊ नका. फळ सोलून खाण्यात आणि साल पोटात घालण्यात फरक आहे. आणि चकाकीसाठी मेणाचं कोटिंग केलेली फळं नकोत. घरच्या बागेतलं, पुरतं रंगलेलं, ताठ सालीचं फळ सगळ्यात बरं. हिरव्या सालीचा वास उग्र आणि चव कडू असते. फळं मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून, हाताने चोळून, कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

आपल्या संत्र्याची साल सैल असते, म्हणून सोलल्यावर ती किसता येत नाही, चुरगळते. फळ अख्खं असतानाच बारीक किसणीवर हलक्या हाताने फिरवा. वरचा नारिंगी रंग तेवढा उतरला पाहिजे. पांढरं दिसलं की फळ वळवा, कारण तो पांढरा भाग कडू आहे. अर्ध्या लिटर दुधाला एका संत्र्याचा कीस, म्हणजे जेमतेम एक चमचा, पुरे. हा कीस दोन चमचे साखरेत घालून बोटांच्या टोकांनी चोळा. साखर ओलसर, केशरी होते आणि स्वयंपाकघरभर वास पसरतो. तासभर झाकून ठेवा. साखरेचे कण तेल ओढून घेतात.

सोयादूध उकळून झालं, गॅस बंद केला, पेला हातात धरता येईल इतकं निवलं, की ही साखर त्यात घाला. उकळत्या दुधात घातली तर सुगंध वाफेबरोबर उडून जातो आणि मागे कडवटपणा तेवढा राहतो. दहा मिनिटं झाकून ठेवा, गाळा, बस. एखादी वेलदोड्याची सालही त्यात चालते. केशर नको, दोन सुगंध एकमेकांवर चढतात.

हंगाम संपल्यावर काय, तर वाळलेली साल. आंब्या बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारीपासून पुढे. मृगाच्या फळाची साल त्या दिवसांच्या कोरड्या हवेत लवकर वाळते. पांढरा भाग चमच्याने खरवडून, साल सावलीत कुडकुडीत होईपर्यंत वाळवा, मिक्सरमध्ये पूड करा आणि काचेच्या बरणीत ठेवा. उन्हात वाळवली तर रंगही जातो, वासही. अर्ध्या लिटरला पाव चमचा पूड पुरते. तिचा स्वाद ताज्या सालीसारखा मोकळा नसतो, मुरंब्याकडे झुकतो. गुळाबरोबर आणि सुंठीबरोबर तो छान जमतो, साखरेबरोबर तितका नाही.

रसाने दूध फुटतं, याचा उपयोगही आहे. गोड न केलेलं सोयादूध उकळून दोन मिनिटं निवू द्या आणि लिटरला दोन लिंबांचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून हळूहळू घाला. गोळे धरले की कपड्यात बांधून वजनाखाली ठेवा. तासाभरात सोया पनीर तयार. संत्र्याच्या रसाने होतं, पण लिंबापेक्षा पुष्कळ जास्त रस लागतो आणि पनीर गोडसर होतं.

बाकीचे स्वाद

सालीचा हा नियम एकदा कळला की बाकी सगळं त्यावरून ठरवता येतं. आंबट ते टाळा, सुगंधी आणि गोड ते घ्या. केळं, चिकू, खजूर चालतात. सीताफळही चालतं आणि ते नेमकं सोंगणीच्याच दिवसांत पिकतं. पण त्याचा गर गरम करू नका, कडू होतो. दूध पूर्ण थंड झाल्यावरच मिसळा. स्ट्रॉबेरी, डाळिंब, अननस नको. कॉफी आंबट असते, म्हणून कडक गरम कॉफीत थंड सोयादूध ओतलं की बारीक फुटतं. दूध कोमट करून घ्या आणि कॉफी त्यात ओता. चहाचं पाणी वेगळं उकळून, गाळून, मग दूध घातलं की चहा चांगला होतो. मुलांसाठी कोको करायचा तर पूड आधी साखरेत कोरडी मिसळा, दोन चमचे गरम दुधात घोटून तिची पेस्ट करा, मग उरलेलं दूध. थेट दुधात टाकलेल्या कोकोच्या गुठळ्या शेवटपर्यंत मोडत नाहीत.

थंडीत हळदीचं दूध. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद मिळाली तर तीच घ्या, तिला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि रंग-वास दोन्ही दमदार. अर्ध्या लिटरला पाव चमचा हळद, चार मिरे ठेचून, सुंठीचा छोटा तुकडा. हे मात्र दुधाबरोबर शेवटची पाच मिनिटं उकळू द्या, हळदीचा कच्चेपणा जायला हवा. होळीच्या सुमाराला बडीशेप, खसखस, मगज आणि मिरे भिजवून, गुळगुळीत वाटून सोयादुधात गाळलं की ठंडाई होते.

ज्यांना सोयाबीन चालतच नाही त्यांनी नुसत्या शेंगदाण्याचं दूध करावं. दाणे सहा तास भिजवा, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून सालं काढा, सहापट पाण्यात वाटा, गाळा आणि दहा मिनिटं उकळा. दाणे हलके भाजून घेतले तर रंग गव्हाळ येतो आणि गुळाबरोबर ते लाडवासारखं लागतं. तिळाचं दूध संक्रांतीच्या दिवसांत करून पाहावं, फक्त तीळ जास्त भाजू नका, कडवट होतात. ज्वारी किंवा नाचणीचं दूध काढणारेही आहेत. त्यात पिष्ट जास्त, म्हणून गरम केलं की ते घट्ट होतं. त्याचं अंबील किंवा सत्त्व करणंच योग्य, दुधासारखं प्यायचा हट्ट धरू नये.

कुणी प्यावं, कुणी जपावं

बऱ्याच मोठ्या माणसांना दुधातली साखर पचत नाही. पेलाभर दूध प्यायलं की पोट फुगतं, गुडगुडतं. वनस्पतींच्या दुधात ती साखर नसते, म्हणून त्यांना हे सोसतं. वर सांगितलेल्या प्रमाणाच्या सोयादुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळपास असतात. शेंगदाण्याच्या, तिळाच्या पातळ दुधात त्याहून कमी. पण कॅल्शियमच्या बाबतीत फसू नका. गाईच्या 100 मिली दुधात ते साधारण 120 मिलिग्रॅम असतं, घरच्या सोयादुधात त्याच्या पाव भागाइतकंही नाही. बी-12 जीवनसत्त्व तर नाहीच. घरी दूध-दही पूर्ण बंद असेल तर नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला, कढीपत्ता यांची सोबत हवी आणि बी-12 बद्दल डॉक्टरांना विचारायला हवं.

वर्षाच्या आतल्या बाळाला हे दूध देऊ नये, आईच्या दुधाची जागा ते घेऊ शकत नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोयादूध यांत काही तासांचं अंतर ठेवावं आणि ते किती ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. सोयाबीन किंवा शेंगदाण्याची काहींना ॲलर्जी असते. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले तर पुन्हा देऊ नका. दम लागला तर लगेच दवाखाना गाठा.

टिकण्याचं म्हणाल तर हे दूध गाईच्या दुधापेक्षा हट्टी नाही. उकळून झालं की पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववा आणि फ्रिजमध्ये ठेवा. तीन दिवस चांगलं राहतं. खाली थोडा साका बसतो, तो बिघाड नव्हे, हलवून घ्या. आंबूस वास, चिकट तार किंवा गाठी दिसल्या तर फेकून द्या. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा बाहेर तासाभराच्या वर ठेवू नका. लाइटचा भरवसा नसेल तर एका वेळी एका वेळेपुरतंच करा.

चोथा मात्र वाया जाता कामा नये. त्यात प्रथिनंही आहेत आणि तंतूही. तो अजून पुरता शिजलेला नसतो, म्हणून कच्चा खायचा नाही. कढीगोळ्यांच्या वाटणात निम्मी हरभऱ्याची डाळ, निम्मा चोथा घाला, गोळे हलके होतात. थालीपिठाच्या पिठात, फुणक्यांत, झुणक्यात जातो. उरलाच तर शिजवून जनावराच्या आंबोणात.

एखाद्या बचत गटाला यातून विक्री करायची असेल तर आधी अन्नसुरक्षेची नोंदणी घ्यावी लागते. बाटलीवर ‘सोया पेय’ असं लिहावं लागतं, नुसतं ‘दूध’ लिहून चालत नाही. मोठ्या प्रमाणावर करायचं तर भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत सोयाबीन प्रक्रियेचं काम चालतं. नरखेड नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावरच आहे, जाणं अवघड नाही. यंत्र घेण्याआधी तिथे जाऊन काम पाहून यावं.

घरापुरतं करायचं तर हिशेब सोपा आहे. चार-पाच माणसांच्या घरात रोज अर्धा लिटर दूध लागलं तर दिवसाला पन्नास-पंचावन्न ग्रॅम दाणा, म्हणजे वर्षाला वीस किलो. सोंगणी झाल्यावर, पोती गाडीत चढण्याआधी, हे वीस किलो वेगळे काढा. दोन उन्हं द्या. दाताखाली दाणा दबला नाही, कट्‌कन फुटला, की हवाबंद डब्यात भरा. ओल राहिली तर बुरशी धरते. डब्यावर महिना-वर्ष लिहून ठेवा आणि पुढची सोंगणी येईपर्यंत तो संपवा.